सर्वानुमते

कोरम नव्हता, म्हणून सभा अर्धा तास तहकूब केली
आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच सतरा जणांत
नियमाप्रमाणे पुन्हा भरवली.
स्टिल्टखाली, दोन स्कूटर बाजूला सरकवून.
घणसोली, सेक्टर नऊ. खाडीकडून डास येत होते.

इतिवृत्त मी लिहितो. अक्षर बरं आहे म्हणून
अकरा वर्षं हे काम माझ्याकडे.
खरं सांगायचं तर अर्धं घरूनच लिहून आणतो:
सूचक, अनुमोदक यांना मोकळी जागा,
पुढे, सवयीनं, सर्वानुमते मंजूर.

ठराव सातवा.
एकट्या राहणाऱ्या मुलींना यापुढे फ्लॅट भाड्याने देऊ नये.
जी आहे तिच्याकडे कोण येतं, किती वाजता जातं
याची वॉचमनने वही ठेवावी.
कारण: संस्कार. शिवाय लिफ्टवर ताण.

मागच्या रांगेतून ठोसरबाई म्हणाल्या, माझा विरोध आहे.
माना वळल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या करकरल्या.

ठोसरबाई तुर्भ्याला, रंगाच्या कारखान्यात,
एकतीस वर्षं प्रयोगशाळेत होत्या.
नळीतली पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायची,
वरून नाही, खालून नाही,
साहेब पाठीशी उभा असला तरी आकडा तोच.

घोडेरावांनी हसत विचारलं, तुमची कोण लागते ती?

कोणी नाही. मला ती आवडतही नाही.
चपला जिन्यात काढते, रात्री मिक्सर लावते,
दोनदा सांगितलं, दोनदा हो म्हणाली.
मिक्सरचा ठराव आणा, आत्ता हात वर करते.
पण तिच्या दाराआड कोण बसलंय
हे मोजायचं माप आपल्यापैकी कोणाकडे आहे?
आणि हे कारण जे लिहिलंय,
त्याची एक तरी तक्रार दाखवा. तारखेसकट.

तारीख कोणाकडेच नव्हती.
कोणीतरी म्हणालं, बाई, लोकशाही आहे. बहुमत आहे.

आहे ना.
बहुमतानं टाकी धुवा, भिंतींना पिवळा रंग द्या,
मला पिवळा सहन होत नाही, तरी वर्गणी देईन.
दार तिचं आहे.
दुसऱ्याचं दार मतदानाला ठेवायचं नसतं.

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. चहा आला.
पंधरा हात वर गेले, काही कपासकट.
माझा नाही. पेन धरलेला हात
वर करता येत नाही, ही माझी जुनी सोय.

सगळे पांगल्यावर बाई टेबलाशी आल्या.
वाचा, काय लिहिलंत.
वाचलं.
मग माझं मत कुठे गेलं?
म्हटलं, बाई, निकाल तोच राहतो.
राहू दे, म्हणाल्या. आकडा चुकतो.

एक शब्द खोडला. वर लिहिलं: बहुमताने.
विरुद्ध एक, श्रीमती कु. वि. ठोसर, तीनशे चार.
खाडाखोडीवर सही करा, म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या,
गुडघ्यावर हात ठेवत, लिफ्टवर ताण नको म्हणून की काय.

मी बसून राहिलो.
तटस्थ असा एक रकाना असतो खाली,
अकरा वर्षांत त्यात शाई पडली नव्हती.
तिथे माझं नाव लिहिलं.
याला धैर्य म्हणू नका, मीही म्हणत नाही.
पंधरा आणि एक सोळा होत होते,
टेबलावर कप मात्र सतरा.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला दोनशे पानी वही मिळाली.
त्यानं ती माझ्याकडे आणून विचारलं,
साहेब, सुरुवात कोणापासून करू?
तुमच्याकडे काल रात्री पाहुणे होते ना?

ती वही अजून माझ्या टेबलावर आहे.

रात्री साडेअकराला वर मिक्सर सुरू झाला.
ठोसरबाईंनी भिंतीवर दोनदा ठोकलं.
बंद झाला.